दोन चुलींचा पंचनामा

आमच्या घराच्या मधोमध एक भिंत होती. घर जुनं, बाहेरच्या भिंती दगडाच्या, वर कौलं. मधली भिंत मात्र भाजक्या विटांची आणि सिमेंटची. माझा नवरा आणि माझा दीर या दोन भावांनी एकदिलानं केलेलं ते शेवटचं काम. विटा आम्ही आणल्या, सिमेंट त्यांनी आणलं. गवंडी चहा आमच्याकडं घ्यायचा आणि जेवायचा त्यांच्याकडं. वेगळं होताना इतका समजूतदारपणा आमच्या घराण्यात कुणी दाखवला नसेल.

भांडणाचं कारण दूध. आमच्या गावात दोन दूध संस्था. म्हशी काही दोन पक्षांच्या नसतात, पण दूध असतं. आमचं घर एका गटाचं, म्हणून दूध त्या गटाच्या संस्थेत. एके सकाळी माझ्या धाकट्या जावेनं पातेलं नेऊन दुसऱ्या संस्थेत ओतलं. का, तर तिथं रांग छोटी होती. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की आमचं घर फुटलं. लोकांनी एवढं ठरवलंच होतं, तर त्यांना खोटं कशाला पाडायचं, म्हणून महिनाभरात आम्ही खरंच फुटलो.

भांडी वाटली, म्हशी वाटल्या, शेत वाटलं. सासूबाई आधीच वारल्या होत्या, सासरे उरले. तेही वाटले: एक महिना आमच्याकडं, एक महिना धाकट्याकडं. वाटला गेला नाही तो फक्त कागद. घराचा उतारा आणि रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांनी सही द्यायला साफ नकार दिला. "मी जित्ता हाय तवर कागुद फाटायचा न्हाय," एवढंच म्हणाले. त्यामुळं सरकारच्या दृष्टीनं आम्ही सुखानं एकत्र नांदणारं कुटुंब होतो. वेगळं झाल्याचा पुरावा म्हणजे ती एक भिंत. अकरा वर्षं मी आणि जाऊ एकमेकींशी बोललो नाही. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन बाळांची वजनं घ्यायचे, फक्त शेजारचं दार सोडून.

मग करोनाच्या आदल्या वर्षीचा पूर आला.

आमचं गाव पंचगंगेच्या वळणात आहे. दर पावसाळ्यात पाणी शेतात येतं, दोन दिवस रस्ता बंद होतो आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो. पाणी किती येणार हे ठरवायचं यंत्रही आमच्याकडं होतं. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर पाणी कधी चढलं नाही, असं म्हातारी माणसं छातीठोक सांगत. त्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळेला पाणी तिसऱ्या पायरीवर चढलं. म्हातारी माणसं म्हणाली, आता थांबंल. दुपारी मारुती कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तेव्हा कुठं आम्ही उठलो.

गावाची शाळा टेकाडावर आहे, तेवढी कोरडी राहिली. बाकी चारी बाजूंनी पाणी. गावाला बेटाचं स्वरूप आलंय, असं टीव्हीवाले म्हणत होते म्हणे. आम्हाला ते बघता आलं नाही, कारण आमचा टीव्ही आमच्याबरोबर शाळेत होता आणि वीज नव्हती. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा, हे ज्या वर्गात पोरांना शिकवतात त्याच वर्गात आम्हाला जागा मिळाली. मुख्याध्यापकांनी आडनावं बघून खोल्या वाटल्या होत्या. एक आडनाव, एक खोली. त्यामुळं दोन्ही कुटुंबं चौथीच्या वर्गात. माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं एक शब्द न बोलता मधोमध बाकांची रांग लावली. त्या बाबतीत दोघांचा हात सराईत होता.

घर सोडताना प्रत्येकानं हाताला लागेल ते उचललं होतं. नवऱ्यानं टीव्ही उचलला, दिरानं मोटारसायकल ढकलत वर आणली. मी सिलिंडर आणला होता, कारण तो परवाच आलेला, भरलेला. जावेनं शेगडी आणली होती, नळीसकट, आणि तांदळाचा डबा. पहिला दिवस भडंग खाऊन काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिलिंडरला टेकून बसले होते, ती बाकांच्या पलीकडं शेगडी पुढ्यात घेऊन बसली होती, आणि पोरं भुकेनं किरकिरत होती.

"अक्का," ती म्हणाली, "त्या सिलिंडरकडं नुसतं बघून भात शिजतोय व्हय?"

अकरा वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य. मी सिलिंडर पायानं तिच्याकडं सरकवला. तिनं बाक बाजूला केलं. भात झाला, वर कुणाकडून तरी आणलेल्या बेसनाचं पिठलं झालं. सासऱ्यांनी ताट पुढं ओढलं आणि विचारलं की हा महिना कुणाचा. कुणालाच सांगता येईना. ते म्हणाले, मग जरा जास्तच वाढा.

तिसऱ्या दिवशी मदतीच्या बोटी यायला लागल्या. मदत करणाऱ्यांबद्दल वाईट बोलू नये, हे मला कळतं. जवानांनी आजारी माणसं आणि बाळंतिणी उचलून नेल्या, त्यांच्या पाया पडावं असं काम केलं. पण त्यांच्यामागून बाकीचे आले. पुराच्या पाण्यानं वेढलेल्या आम्हाला सगळ्यांनी मिळून पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्या लागणारच होत्या, पण प्रत्येक बाटलीवर एक हसरा चेहरा होता आणि प्रत्येक बाटली घेताना आम्ही रडवेलं दिसावं असा फोटोवाल्याचा आग्रह होता. एकानं माझ्याकडं दोनदा ब्रेडचा पुडा परत मागितला, कारण पहिल्या दोन फोटोंत माझे डोळे मिटलेले होते. तिसऱ्यांदा मी डोळे इतके उघडले की तो म्हणाला, ताई, जरा दुःखी.

मग कपड्यांची गाठोडी आली. अंगणवाडी सेविका म्हणून वाटपाचं काम माझ्याकडं. गाठोड्यातून काय निघालं नाही? जरीचे घागरे, एका पायाचे बूट, लहान बाळाचा सांताक्लॉजचा पोशाख, स्वेटर. आमच्याकडच्या बायकांना त्या वेळी हव्या होत्या साध्या सुती साड्या आणि कोरडे परकर. साड्या निघाल्या सहा, बायका दोनशेच्या वर. माझ्या सासऱ्यांना एक तपकिरी कोट मिळाला, खांद्याला बरोबर बसणारा. त्यांनी तो धोतरावर चढवला आणि पुढं पंधरा दिवस उतरवला नाही.

बाकांची रांग तोवर भिंतीला लागली होती. हे काही समेट वगैरे होऊन झालं नाही. झोपायला जागा पुरेना, एवढंच. जाऊ आणि मी एका शेगडीवर स्वैपाक करत होतो, मिठाबद्दल आणि पोरांबद्दल बोलत होतो, दुसऱ्या कशाबद्दल नाही. नवरा आणि दीर व्हरांड्यात पाण्याची उंची या विषयावर तासन्‌तास बोलायचे. दोघांचं मत दरवेळी एकच असायचं, तरी वाद घातल्यासारखे बोलायचे.

दहाव्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही घरी आलो. घर म्हणजे गुडघाभर चिखल. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. कुजलेला ऊस, डिझेल, मेलेलं काहीतरी. दगडाच्या भिंती जागच्या जागी उभ्या होत्या. पडली होती ती मधली पक्की भिंत. तिला पायाच घातला नव्हता, जमिनीवरच उभी केलेली. जिद्दीच्या भरात पायाचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही चौघं उंबऱ्यात उभे राहिलो आणि माझ्या लग्नाच्या वेळी दिसायचं तेवढं लांब घर अकरा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

अंगणात ताडपत्री बांधली, तिच्याखाली तीच शेगडी पेटवली आणि चिखल काढायला लागलो. चौथ्या दिवशी पंचनाम्याला साहेब आले. बाहेरच्या जिल्ह्यातून ड्युटीवर आणलेला तरुण मुलगा, गुडघ्यापर्यंत चिखल, बोलायला सभ्य. धान्याचे संच आणि पुढची सगळी मदत कुटुंबाप्रमाणे मिळणार होती, आणि कुटुंब म्हणजे चूल. त्यानं ताडपत्रीखाली बघितलं आणि विचारलं, चूल एकच का?

नवरा म्हणाला, दोन. आम्ही वेगळे आहोत.

रेशनकार्ड? एक. उतारा? एक. मग वेगळं असल्याचा पुरावा काय, असं त्यानं विचारलं. नवऱ्यानं विटांच्या ढिगाकडं बोट केलं. साहेबानं ढिगाकडं बराच वेळ बघितलं.

"भिंत पडली हे मी लिहितो," तो म्हणाला. "ती कशासाठी होती, याला रकाना नाही."

तरी मुलगा चांगला होता. उद्या सकाळी पुन्हा फेरी आहे, तेव्हा दोन चुली दिसल्या तर दोन लिहीन, असं सांगून गेला.

संध्याकाळी दोन्ही भावांची बैठक बसली. अकरा वर्षांपूर्वी वेगळं व्हायला एवढी चर्चा लागली नव्हती. शेजारच्यांनी सल्ला दिला की नुसती चूल मांडून भागत नाही, गल्लीत सगळ्यांनीच मांडल्यात, साहेबांना संशय येतो. वेगळेपणा दिसला पाहिजे. दीर पूर्वी जत्रेतल्या नाटकात काम करायचा, त्यामुळं दिग्दर्शन त्याच्याकडं आलं. ताडपत्री मधोमध पडद्यासारखी सोडायची, दोन्हीकडं तीन दगडांच्या चुली पेटवायच्या, आणि साहेब आले की भावांनी विहिरीवरच्या मोटारीवरून भांडायचं. आम्हा बायकांना काम एवढंच की भांडी आपटायची. सासऱ्यांना काय काम द्यावं ते ठरेना. ते म्हणाले, मी मधी बसतो, कोट घालून.

सकाळी दहाच्या सुमाराला साहेब आले, बरोबर ग्रामसेवक. दोन्ही चुली धुमसत होत्या. नवरा पुढं झाला आणि म्हणाला, तुझा माझा काय संबंध न्हाय. दीर म्हणाला, न्हाय तर न्हाय. आणि दोघं गप्प. इतक्या वर्षांचं वैर, पण ऐन वेळी एकालाही पुढचं वाक्य सुचेना. साहेबाचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. ग्रामसेवक हसू दाबत होता.

मला वाटलं, आता हातचं जातंय. मी ताडपत्री बाजूला सारून जावेला म्हणाले, माझी पितळेची परात अकरा वर्षं तुझ्याकडं आहे, ती आधी दे. परात खरोखरच तिच्याकडं राहिली होती. पण मी म्हणाले ते नाटकातलंच होतं. ती एखादं भांडं आपटेल, मी एखादं आपटेन, साहेब दोन लिहील.

तिनं भांडं आपटलं नाही. हातातली फुंकणी खाली ठेवली आणि उभी राहिली.

"परात न्या की," ती म्हणाली. "परातीला मी कधी न्हाय म्हटलं? पण एक सांगा मला. मला सातवा म्हैना लागलता. दुपारची येळ. हे उसाला गेलते. मी पडून भिंतीवर हात आपटत हुते, अक्का. पलीकडं तुम्ही भाकरी थापत हुता. थापायचा आवाज मला येत हुता. मग माझा तुम्हाला आला न्हाय व्हय?"

ताडपत्रीची कड माझ्या हातात होती.

"आवाज थांबला," ती म्हणाली. "मला वाटलं, आल्या अक्का. मग परत थापायला लागला."

चुलीतलं ओलं लाकूड तेवढं चरचरत होतं. साहेबानं मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं, झालं म्हणाला आणि निघाला. सरकारला इतका पक्का पुरावा क्वचितच मिळाला असेल. जाता जाता तो ग्रामसेवकाला हळूच म्हणाला ते मला ऐकू आलं: या घरातले मात्र खरंच वेगळे आहेत.

माझा नवरा खुश झाला. परातीची युक्ती भारी काढलीस म्हणाला, आणि भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की तुझ्यापेक्षा तुझी बायको नाटकात पाहिजे होती. दिरानं त्याचा हात बाजूला केला आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसला. सासऱ्यांनी कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली.

दुपारी धान्याचे दोन संच आले. गहू, तांदूळ, डाळ, मीठ, एक चादर. दोन्ही अगदी सारखे. त्या दिवशी आम्ही सरकारी नोंदीप्रमाणं वेगवेगळे जेवलो.

खरं काय ते मी इथं लिहिते, कारण पंचनाम्यात त्यालाही रकाना नव्हता. आवाज मला आला होता. आधी वाटलं ती खिळा ठोकतेय. मग ठोकणं लागोपाठ यायला लागलं तेव्हा मी हात थांबवले. मला कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. उठून पाच पावलं चालले असते तर तिच्या दारात होते. मी तव्यावरची भाकरी उलटली. मनात म्हणाले, बोलवायचं असेल तर हाक मारेल. तिला हाक मारण्याइतकं बळ नव्हतं, हे मला नंतर कळलं, गावातल्या इतर बायकांकडून, बाळ गेल्याचंही, आणि मी ते रजिस्टरात लिहिलं, कारण तसली नोंद ठेवणं हे माझं काम होतं. तिला आधीची एक मुलगी होती. त्यानंतर मूल झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातपंपावर चिखलाची भांडी घासत होती. मी माझी भांडी घेऊन शेजारी बसले.

"आवाज आलता," मी म्हणाले.

ती घासत राहिली. "ठावं हाय."

हातातलं भांडं विसळून तिनं विचारलं, "मग का आला न्हाईसा?"

माझ्याकडं कितीतरी उत्तरं तयार होती, वर्षानुवर्षं घोकलेली. त्यातलं एकच बाहेर आलं. "तू म्हणशील, आता बऱ्या आलासा."

"म्हटलंच असतं," ती म्हणाली. "तरी यायचं हुतं."

मग तिनं माझं पातेलं ओढून घेतलं आणि घासलं. माफ केलं म्हणून नाही. तिच्याकडं राख होती आणि माझ्याकडं नव्हती.

पुढं जे झालं त्याला पुनर्वसन म्हणतात. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं, कमी होतं, पण सरकारनं आणि आम्हीही ठरवलं की आता माळावर जायचं. तिथं पूरग्रस्तांना प्लॉट द्यायचे ठरले, एका कुटुंबाला एक. त्या पंचनाम्यामुळं आम्हाला दोन मिळाले. सोडत शाळेच्या पटांगणात निघाली. आमचा प्लॉट वसाहतीच्या एका टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी आणि धाकट्यांचा दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या कडेला. सरकार आमचं इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. साधी विटांची भिंत पुरली असती, त्यांनी आमच्या मधे अख्खं गाव घातलं.

घरं बांधली. राहायला गेलो. मीठ मागायला पंधरा मिनिटं चालावं लागायला लागलं, आणि मीठ मागायची सवय तर लागलेली. सासरे थकले होते, त्यांना चालवेना. तेव्हा जाऊच म्हणाली की अर्ज करू. टाकीजवळच्या एका घराला ओढ्याकडं जायचं होतं, त्यांच्याशी अदलाबदल करून शेजारी शेजारी राहू. मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तालुक्याच्या कचेरीतल्या क्लार्कनं अर्ज वाचला आणि कारण विचारलं. आम्ही म्हणालो, एकच घर आहे, एकत्र राहायचंय. त्यानं फाईल काढली. फाईलमध्ये त्या सभ्य मुलाच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: दोन स्वतंत्र चुली. तीव्र वैमनस्य. समक्ष खात्री केली. क्लार्कनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, एक कुटुंब असल्याचा काही पुरावा असला तर आणा. जावेनं मला विचारलं, आता काय करून दाखवायचं? क्लार्कला वाटलं ती त्यालाच विचारतेय. तो म्हणाला, शेजाऱ्यांचा जबाब चालेल. शेजारी त्या दिवशी सगळे कुंपणाला टेकून भांडण बघत होते.

अर्ज अजून तिथंच आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या सोमवारी आम्ही दोघी एसटीनं जातो, बाकावर बसतो, क्लार्क जेवायला गेलेला असतो. गेल्या खेपेला लवकर सुटलो. कचेरी बंद होती, कसलीतरी सुट्टी होती जी फक्त त्यांनाच माहीत होती. फाट्यावर उभ्या होतो तेव्हा हुपरीची बस आली. जाऊ म्हणाली, आईला भेटून येऊ. हुपरी तिचं माहेर. एवढ्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

घरात पुढच्या खोलीत तिचा भाऊ आणि भावजय चांदीचे पैंजण जोडत बसले होते, मान वर न करता. आई आत पलंगावर. डोळ्यांनी कमी दिसत होतं. कोण आलंय म्हणून विचारलं. जाऊ म्हणाली, "अक्का हाईत. आमच्या थोरल्या जाऊबाई."

म्हातारीनं माझा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. बोटं चाचपून बघितली, तळवा बघितला, जसं एखादी वस्तू ओळखीची आहे का ते बघतात तसं. तिला सगळं माहीत होतं, हे मला कळलं. काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले.

"भाकरी चांगल्या करता म्हणं तुम्ही," ती म्हणाली.

मी व्हय म्हणाले. भावजयीनं चहा आणला. जाऊ कपबशी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. बस पाचला होती.